आमच्या घरी कधीच न झालेली पुरणपोळी

बार्शीच्या एसटी स्टँडवर आईनं माझ्या मांडीवर एक स्टीलचा डबा ठेवला. झाकण उडू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तो असा आवळून बांधला होता, की हुबळीत पोचल्यावर ती गाठ सोडायला मला विळी घ्यावी लागली. लग्नाला आठ दिवस झाले होते. माझा नवरा सुनील हुबळीजवळच्या तारिहाळच्या एका कारखान्यात मशीनवर होता आणि त्याची रजा संपली होती. गाडी सुरू झाली तशा इतर बायका आपापल्या लेकींना ‘जपून राहा’, ‘पोचलीस की फोन कर’ असं सांगत होत्या. माझी आई खिडकीबरोबर चार पावलं पळाली आणि ओरडली, “भाजताना आच बारीक ठिव गं! करपला तर कडू हुतो!” अख्खी गाडी हसली. मला रडायचं होतं, ते राहूनच गेलं.

डब्यात येसूर होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, मूठभर गहू, धने, सुकं खोबरं, मिरच्या, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि दळून ठेवायचं. आमटीत किंवा रश्शात दोन चमचे कालवून टाकले की पातळ पाण्याला अंग येतं. आमच्या घरी मटण पावशेर आणि माणसं अकरा. ती अकरा माणसं पोटभर जेवून उठायची ती येसुराच्या जिवावर. फोडी कुणाच्या ताटात जास्त गेल्या यावरून आम्हा भावंडांची मारामारी व्हायची, पण रस्सा कमी पडला असं एकदाही झालं नाही. आईला या गोष्टीचा फार अभिमान होता.

हे मी गावी राहिलेल्या माझ्या बहिणीसाठी लिहिते आहे. आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्या मावसबहिणींसाठी, ज्या पुण्यात आणि सुरतेत आपापल्या स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद करून फोडणी घालतात. तुम्ही तसं करता हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी बारा वर्षं तेच केलं, म्हणून माझा अंदाज.

आम्ही खोली शोधत होतो त्या हुबळीतल्या उणकलला तेव्हा तळ्याच्या बाजूनं नव्या इमारती उठत होत्या. पहिल्याच घरमालकानं दारात उभं राहून विचारलं, “नॉनव्हेज माडतीरेनु?” मला कानडीचा एक शब्द येत नव्हता, पण नॉनव्हेज कळलं. मी तोंड उघडायच्या आत सुनीलनं मान हलवली. आम्ही करत नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, “खोली हवी का बोंबील हवेत?” खोली हवी होती. गावाहून आणलेली सुकट तीन पिशव्यांत गुंडाळून मी माळ्यावर टाकली आणि पावसाळ्यात ती तशीच फेकून दिली.

पुढच्या गोष्टी आपोआप झाल्या. आमचं आडनाव अर्धा महाराष्ट्र लावतो, त्यावरून कुणाला काही कळत नाही. आम्ही कुणाला सांगितलं नाही, कुणी सरळ विचारलंही नाही. इथे सरळ विचारत नाहीत. इथे जेवणाचं विचारतात. भाजीवाली, रिक्षावाला, शेजारीण, ज्याला त्याला हाच घोर. “ऊटा आतेन्री?” जेवण झालं का, एवढंच. माणसं मायेनं विचारतात, मला ते मान्य आहे. पण त्याच्यामागून दुसरा प्रश्न येतोच, “काय केलं होतं आज?” आणि तिथं माझी जीभ टाळूला चिकटते. सुनीलनं मला उत्तर शिकवून ठेवलं होतं: डाळ-भात. डाळ-भातावर पुढचा प्रश्न येत नाही. बारा वर्षांत मी उणकलला इतका डाळ-भात सांगितला आहे, की तेवढा तळ्यातही मावणार नाही.

पाच वर्षांनी आम्ही तिथंच दोन खोल्यांचा स्वतःचा फ्लॅट घेतला. समोरच्या दारात वैजयंती अक्का. धारवाडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण रागावल्या की कानडीत रागावतात. एकट्या राहतात. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांची खिडकी यांच्यामध्ये हात पसरला तर पोचेल एवढी जागा. बाई मनानं चांगल्या. माझी मुलगी मैत्रा त्यांच्याच घरी कानडी वाचायला शिकली. मी कोप्पीकर रोडवरच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणून दर महिन्याला सकाळी उपाशीपोटी त्यांच्या साखरेसाठी रक्त मीच काढते. “तुमचा हात हलका आहे हो,” असं दर वेळी म्हणतात.

आमच्या दोन दारांत एक डबा फिरायचा. मी शिरा केला की त्यांच्याकडे, त्यांनी शेंगदाण्याची चटणी केली की माझ्याकडे. अक्कांचा एक नेम होता, आणि तो माझ्या आईचाही होता: दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही. घरात काही नसलं तर चमचाभर साखर घालायची. सात वर्षांत माझा डबा रिकामा कधीच आला नाही. तो उघडताना मला दर वेळी बरं वाटायचं आणि लगेच स्वतःचा राग यायचा. कारण त्या डब्यातून मी काय पाठवत होते? शिरा, उपमा, साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा आमच्या वस्तीत कुणी शिजवलेला मी पाहिला नव्हता, तो मी इथं मोबाईलवर बघून शिकले. येसूर भाजायचा तो अक्का मठात गेल्या की. खिडकी बंद, पंखा बंद, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू आणि दाराच्या फटीला ओलं फडकं. कुणी पाहिलं असतं तर मी घरात गावठी दारू गाळते असं वाटलं असतं.

मग दोन वर्षांपूर्वी ते पुस्तक निघालं.

आमच्या इमारतीतल्या बायकांनी ठरवलं की प्रत्येकीनं माहेरचा एक पदार्थ लिहून द्यायचा, सोबत त्याची आठवण, आणि सगळं छापून घ्यायचं. मराठी, कानडी, कोकणी, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. मराठी पानं तपासायचं काम अक्कांकडे. “तुमच्याकडचं काहीतरी वेगळं द्या री,” त्या मला म्हणाल्या. मी चार रात्री तळमळले. येसूर लिहावा असं मनात आलं, आणि लिहिला असता तर आभाळ कोसळलं नसतं. आमच्या भागात येसूर पाटलाच्या लग्नातही लागतो. पण चोराच्या मनात चांदणं. येसूर लिहिला की कशात घालतात ते लिहावं लागेल. कशात घालतात ते लिहिलं की मटण आलं, मटण आलं की अकरा माणसं आली, ती कुठं राहायची ते आलं. मी पेन खाली ठेवलं.

आणि पुरणपोळी लिहिली.

साधी लिहून थांबले असते तरी चाललं असतं. नाही. मी तीत जीव ओतला. होळीची सकाळ, आईचा सोवळ्यातला स्वयंपाक, पितळी पुरणयंत्राची कुरकुर, नैवेद्य होईपर्यंत आम्हा पोरांना दिलेला दम. आमच्या घरात पितळेचा म्हणून एक तांब्या होता, तोही चेमटलेला. हे सगळं मी कुठून आणलं, तर मासिकांतून, मालिकांतून आणि अक्कांच्याच गप्पांतून. त्यांचीच आठवण त्यांना परत वाढली आणि त्यांनी ती मिटक्या मारत खाल्ली. पुस्तक वाटायच्या दिवशी प्रत्येकीनं आपला पदार्थ करून आणायचा होता. माझी पोळी तव्यावर फाटली, एक नाही, सगळ्या. शेवटी होळिगेच्या, म्हणजे इथल्या पुरणपोळीच्या, दुकानातून चाळीस पोळ्या आणल्या, कागद काढून टाकले, तूप सोडून माझ्या डब्यात रचल्या. एक आजी म्हणाल्या, घरच्या पोळीची सर दुकानच्याला येत नाही. मी हसले. घरी येऊन सुनीलवर विनाकारण ओरडले.

या उन्हाळ्यात आई आली. तिनं आल्या आल्या येसुराचं सामान मागितलं, कारण माझा येसुराचा डबा तळाला गेलेला तिला दिसला. ती भाजायला बसली आणि मी जाऊन खिडकी लावली.

“खिडकी का लावलीस? जीव गुदमरतोय की.”

“धूर बाहेर जातो.”

“आगं, धूर भाईरच जाया पायजे न्हवं?” आई म्हणाली.

मी काहीतरी डासांचं सांगितलं. भर दुपारी बाराला.

दोन दिवसांनी अक्का पुस्तक घेऊन आल्या. त्यांना आईला भेटायचंच होतं. आईला वाचता येत नाही, म्हणून त्यांनी माझं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. मी ओट्याजवळ उभी होते आणि जमीन दुभंगायची वाट बघत होते. पुरणयंत्राची कुरकुर आली. सोवळं आलं. आईचे हात मांडीवर होते ते हलले नाहीत. वाचून झाल्यावर अक्कांनी डोळे पुसले. “लेक कसं लिहिती बघा तुमची! उद्या माझ्याकडे या हो आई. मी डाळ शिजवून ठेवते, तुम्ही मला तुमची पोळी दाखवा.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. फार नाही, घोटभर पाणी पिण्याइतका वेळ. मग अक्कांना म्हणाली, “येती की.”

त्या संध्याकाळी तिनं जेवण उरकून लवकर अंथरूण घातलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये होते, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका बाईच्या दंडाला पट्टी बांधली आणि रक्त न काढताच सोडली. सहाला घरी आले तर आई शांतपणे लसूण सोलत होती.

“पोळ्या झाल्या?” मी विचारलं.

“न्हाई. तिनं समदं मांडून ठिवलं हुतं. म्हणली, लाटून दावा. खोटं किती येळ लाटायचं? सांगून टाकलं, मला येत न्हाई. आमच्यात पोळी न्हाई हुत. माझ्या सासऱ्यानं धम्म घेतला तवा होळी सोडली, होळीबरूबर पोळी बी सुटली. आमी बौद्ध हाय, बाई.”

मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला, तोही आईचा. बारा वर्षं मी झाकलेली मूठ तिनं एका दुपारी उघडली. तुला काय गरज होती, तू चार दिवसांनी गावी जाशील, इथं मला राहायचंय, मैत्राला राहायचंय, मी तोंडाला येईल ते बोलले. ती लसूण सोलत राहिली. मी थांबले तेव्हा मीच विचारलं, “मग त्या काय म्हणाल्या?”

“म्हणली, असं व्हय. मग च्या केला.”

“चहा कशात दिला?”

“कपात.”

“कुठल्या कपात? त्या पितात तसल्याच? का काचेच्या गिलासात?”

आईनं लसणाची पाकळी खाली ठेवली. “मला च्या ग्वाड लागला,” ती म्हणाली. “कप कसला हुता ते तुला ठावं असंल, तूच ध्यान ठिवतीस.” आणि खालच्या आवाजात, “येसुराचं लिवलं असतंस तर काय बिघडलं असतं? तू आमटीला लाजलीस का मला?”

आमटीला लाजले म्हणावं तर आमटी तिचीच.

तिनं उठून येसुराची आमटी केली. खिडकी सताड उघडली, मी लावायला गेले तर माझा हात बाजूला केला. आमच्या दोन दारांत फिरणारा तोच डबा काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. “देऊन ये. तिनं च्या पाजलाय.” ते आठ फूट मी कसे चालले ते माझं मला माहीत. अक्कांनी दार उघडलं, डबा दोन्ही हातांनी घेतला. “अय्य, कशाला त्रास केलासा,” म्हणाल्या. हसल्याही. त्यांचा चेहरा मी इतका निरखून बघत होते, की नंतर मला तो आठवेना.

दुसऱ्या दिवशी डबा आमच्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेला होता. लख्ख घासलेला, कोरडा केलेला. मी झाकण काढलं. आत काही नव्हतं. बोट फिरवून पाहिलं, साखरेचा दाणासुद्धा नव्हता.

तुम्ही म्हणाल, विसरल्या असतील. मीही स्वतःला तेच सांगितलं. वयानं विसरतात. गडबडीत असतील. मठात जायचं असेल म्हणून बेल न वाजवता अडकवला असेल. आमटी खाल्ली का ओतली? ओतली तर कुठं, बेसिनमध्ये की खालच्या बादलीत? घासला तो त्यांनी की कामवालीनं? वैताग येतो तो याचाच. तोंडावर कुणी काही बोललं तर माणूस उलटून बोलेल, भांडेल, पोलिसांत जाईल. रिकाम्या डब्याची तक्रार कुणाकडे करायची? आणि हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतो, आईच्या डोक्यात होत नाही. आठवी शिकलेल्या माझ्या नवऱ्याच्या नाही, निरक्षर आईच्या नाही. बी.एस्सी. झालेल्या माझ्याच डोक्यात.

आईला डबा दाखवला. ती म्हणाली, “आला न्हवं परत? मग भर आन धाड पुन्यांदा.”

पुढच्या आठवड्यात मी तिला हुबळीच्या स्टँडवर सोलापूरच्या गाडीत बसवलं. या वेळी खिडकीत ती होती आणि खाली मी. मी म्हणाले, आई, चुकलं माझं. गाडीच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली, “तुझ्या माळ्यावर निम्मा येसूर भाजायचा राहिलाय. किडं व्हायच्या आत भाज.”

अक्कांचा फोन महिना भरल्यावर नेहमीसारखा आला. सकाळी येता का हो, साखर बघायची. मी गेले. त्यांनी हात पुढे केला, मी रक्त काढलं, त्यांनी मैत्राच्या परीक्षेचं विचारलं, तळ्याच्या वासाचं बोलल्या, म्युनिसिपालिटीला नावं ठेवली. “आई सुखरूप पोचल्या का?” हेही विचारलं. आमटीचं काही नाही. ओट्यावर त्यांचे कप पालथे घातले होते, मी ते मोजले. हात हलका आहे असं या वेळी त्या म्हणाल्या नाहीत. की म्हणाल्या होत्या? आता मला तेही नक्की आठवत नाही, इतकी मी दुसऱ्याच गोष्टी टिपत होते.

गावातलं घर मला आठवतं तेव्हा पहिल्यांदा वास आठवतो, येसुराचा, बोंबलाचा, चुलीतल्या तुराट्यांचा. तिथं कुणी खिडकी लावत नसे. पण खरं लिहायचं तर लावायची गरजच नव्हती. आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडे आणि गाव पलीकडे. आमचा वास पोचणार नाही इतक्या लांब आम्हाला आधीच ठेवलं होतं. त्या मोकळेपणाला मी इतकी वर्षं माहेर म्हणून रडत आले. इथं उणकलला पहिल्यांदाच कुणीतरी हाताच्या अंतरावर आहे, तर मी फटींना फडकी लावते. आता घर कशाला म्हणू, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की जिथं शेजार आहे आणि खिडकीही उघडी आहे ते. असं घर मला आईनं दिलेलं नाही आणि या इमारतीनंही दिलेलं नाही. ते मलाच करून बघावं लागणार.

काल रविवार होता. अक्का घरात होत्या, त्यांच्या रेडिओचा आवाज येत होता. मी माळ्यावरची पिशवी काढली. खिडकी उघडली, कडी लागत नव्हती म्हणून तिला लाटणं लावून ठेवलं. आधी ज्वारी भाजली, मग डाळ, मग धने. खोबरं टाकलं तसा वास सुटला आणि सरळ समोर गेला. रेडिओ बंद झाला. खिडकीच्या पलीकडून अक्कांचा आवाज आला, “काय करताय हो? कसला वास हा?”

डाळ-भात जिभेवर आला होता. तो मी गिळला.

“येसूर,” मी मोठ्यानं म्हणाले. “आमच्या आईचा. मटणात घालतात.”

पलीकडे खिडकीचा आवाज झाला. ती त्यांनी लावली, की नीट ऐकू यावं म्हणून आणखी उघडली, ते मला कळलं नाही. मी वाकून पाहिलंही नाही. कढईत मिरच्या होत्या, आच बारीक करायची होती.